निःशस्त्र मध्यस्थ : काउंट फोल्के बर्नाडोट

पॅलेस्टाईनच्या प्रश्नावर टिपणे काढताना एका ओळीत हे नाव मला प्रथम भेटले. १९४८ साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या मध्यस्थाची जेरुसलेममध्ये हत्या झाली, एवढेच त्या ओळीत होते. हा मध्यस्थ कोण, कुठला, आणि दुसऱ्यांच्या भांडणात त्याने जीव का गमवावा, हे प्रश्न काही मनातून जाईनात. ग्रंथालयात मिळेल ते वाचत गेले. त्यातून जे आयुष्य समोर उभे राहिले ते मित्रमैत्रिणींना सांगावेसे वाटते.

फोल्के बर्नाडोट यांचा जन्म २ जानेवारी १८९५ रोजी स्टॉकहोम येथे झाला. पुढे स्वीडनच्या गादीवर आलेले राजे पाचवे गुस्ताव हे त्यांचे सख्खे चुलते. वडील प्रिन्स ऑस्कर यांनी राजघराण्याबाहेरच्या मुलीशी विवाह केला आणि त्यापायी गादीवरचा हक्क सोडून दिला. घरात देवधर्म आणि सेवाकार्य यांना मोठे स्थान होते. फोल्के घोडदळात अधिकारी झाले. १९२८ मध्ये त्यांनी अमेरिकेतील एका धनिक घराण्यातील एस्टेल मॅनव्हिल यांच्याशी विवाह केला. त्यांना चार मुलगे झाले, पण त्यांतले दोघे लहानपणीच गेले. बर्नाडोट स्वीडनच्या बालवीर चळवळीचे प्रमुख झाले आणि १९४३ मध्ये स्वीडिश रेडक्रॉसचे उपाध्यक्ष. वयाच्या पन्नाशीपर्यंतचे हे आयुष्य खाऊनपिऊन सुखी, सज्जन माणसाचे आहे. इतिहासाने त्यांची दखल घ्यावी असे त्यात फारसे काही नव्हते.

दुसऱ्या महायुद्धाने हे बदलले. १९४३ आणि १९४४ मध्ये गोथेनबर्ग बंदरात जर्मन आणि ब्रिटिश युद्धकैद्यांची अदलाबदल झाली, तिच्या व्यवस्थेत बर्नाडोट होते. फेब्रुवारी १९४५ मध्ये ते थेट जर्मनीत गेले आणि हाइनरिश हिमलर याला भेटले. हिमलर म्हणजे छळछावण्यांचा सर्वाधिकारी. लक्षावधी ज्यूंच्या हत्येची यंत्रणा त्याच्या हाताखाली चालत होती. अशा माणसासमोर बसून, त्याच्याशी सभ्यपणे बोलून, कैद्यांची सुटका मागायची होती. बर्नाडोट यांनी ती मागितली. पांढऱ्या रंगाच्या, लाल क्रॉस काढलेल्या बसगाड्या जर्मनीत शिरल्या. विमानांनी त्यांच्यावर बाँब टाकू नयेत म्हणून तो पांढरा रंग. एप्रिल १९४५ मध्ये तेरेझिनस्टाट येथून ४२३ डॅनिश ज्यू बाहेर काढले गेले. राव्हेन्सब्रुक या स्त्रियांच्या छावणीतून हजारो कैदी सुटल्या. त्यांत पोलिश होत्या, फ्रेंच होत्या आणि ज्यूही होत्या. त्या ज्यू स्त्रियांसाठी स्टॉकहोमचे नॉर्बर्ट मासुर हे स्वतः ज्यू असलेले गृहस्थ जिवावर उदार होऊन हिमलरला भेटून आले होते, हेही विसरता कामा नये. या मोहिमेत एकूण १५,००० हून अधिक जीव वाचले.

इथवर वाचून मी भारावून गेले होते. पण पुढे एक प्रसंग आला आणि तो गिळता येईना. नॉर्वे आणि डेन्मार्कचे कैदी हॅम्बुर्गजवळच्या नॉयेनगामे छावणीत एकत्र आणायचे ठरले होते. तिथे जागा नव्हती. मार्च १९४५ च्या अखेरीस जर्मनांच्या सांगण्यावरून याच पांढऱ्या गाड्यांतून सुमारे २,००० आजारी कैदी दुसऱ्या छावण्यांत हलवण्यात आले. हे कैदी फ्रेंच, रशियन, पोलिश असे होते. त्यांतले कित्येक मेले. आपली माणसे वाचवण्यासाठी दुसऱ्यांची माणसे मरणाच्या वाटेवर नेली गेली. पुढच्या काळात स्वीडनमधल्याच इतिहासकारांनी हे मोकळेपणाने लिहिले. बर्नाडोट यांचे चरित्र लिहिताना हे वगळले तर ते चरित्र न राहता आरती होईल, म्हणून मी ते लिहीत आहे. या गोष्टीचा त्यांच्या मनावर काय परिणाम झाला हे मी सांगू शकत नाही. पण तीन वर्षांनी पॅलेस्टाईनमध्ये त्यांनी आपले आणि परके असा भेद केला नाही, एवढे नक्की दिसते.

राष्ट्रसंघाने २९ नोव्हेंबर १९४७ रोजी पॅलेस्टाईनच्या फाळणीचा ठराव केला. भारताने त्याच्या विरोधात मत दिले होते. १४ मे १९४८ रोजी इस्रायलची घोषणा झाली आणि दुसऱ्याच दिवशी शेजारच्या अरब राष्ट्रांच्या फौजा आत शिरल्या. २० मे रोजी बर्नाडोट यांची मध्यस्थ म्हणून नेमणूक झाली. त्यांच्याजवळ सैन्य नव्हते. ऱ्होड्स बेटावरचे एक हॉटेल हे त्यांचे कार्यालय, राष्ट्रसंघाचे पांढरे विमान हे वाहन आणि राल्फ बंच हे अमेरिकन विद्वान त्यांचे प्रमुख सहकारी. ११ जून रोजी त्यांनी चार आठवड्यांची शस्त्रसंधी घडवून आणली. मात्र जूनअखेर त्यांनी मांडलेली पहिली योजना फसली. तीत त्यांनी जेरुसलेम अरबांकडे द्यावे असे सुचवले होते. ज्यूंना हे मान्य होणे शक्यच नव्हते, आणि अरबांनीही ती योजना झिडकारली. त्यांची घाई झाली असेच म्हणावे लागते.

जुलैमध्ये पुन्हा लढाई पेटली. इस्रायली सैन्याने लिद्दा आणि रामले ही शहरे घेतली आणि तिथल्या ५०,००० हून अधिक अरबांना घराबाहेर काढले. बायकामुले, म्हातारेकोतारे भर उन्हात रामल्लाच्या दिशेने चालत निघाले. वाटेत तहानेने माणसे मेली. दुसऱ्या शस्त्रसंधीनंतर बर्नाडोट रामल्लाला गेले, तेव्हा त्यांच्या मोटारीभोवती हजारोंचा गराडा पडला. लोक अन्न मागत होते आणि घरी परत जाऊ द्या म्हणत होते. जर्मनीतल्या छावण्या पाहून आलेल्या या माणसालाही हे दृश्य सोसवले नाही.

त्यांनी देशोदेशींच्या सरकारांकडे धान्य आणि तंबू मागितले. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत, आणि मला त्यांचे मोठेपण इथे दिसते. निर्वासितांना परत घरी जाता आले पाहिजे, असे त्यांनी इस्रायल सरकारला सांगितले. सरकारचे म्हणणे असे की, युद्ध अरबांनी लादले, तेव्हा या लोकांची जबाबदारी त्यांची. अरब नेत्यांचे म्हणणे असे की, सर्व दोष ज्यूंचा आणि फाळणी करणाऱ्या राष्ट्रसंघाचा. दोन्ही बाजूंना आपापली कारणे होती. पण रामल्लाच्या रस्त्यावर बसलेल्या बाईला त्या कारणांचा काय उपयोग?

हे वाचताना मला आमचे आजोबा आठवले. त्यांचे गाव धरणाच्या पाण्याखाली गेले. भरपाई मिळाली, घराला जागा मिळाली. तरी कुणी गाव विचारले की ते पाण्याखालच्या गावाचेच नाव सांगतात. धरण आणि युद्ध एक नव्हे, हे मला कळते. आम्हांला कुणी बंदुकीच्या धाकाने हाकलले नाही. पण पोट भरणे वेगळे आणि घर असणे वेगळे, हे आमच्या घरात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. बर्नाडोट राजवाड्याच्या सावलीत वाढले, तरी त्यांना ते समजले होते.

१६ सप्टेंबर १९४८ रोजी त्यांनी आपल्या अहवालावर सही केली. इस्रायल हे राष्ट्र आता अस्तित्वात आहे हे अरबांनी ओळखावे, जेरुसलेम राष्ट्रसंघाच्या देखरेखीखाली असावे, निर्वासितांना लवकरात लवकर घरी परतण्याचा हक्क असावा आणि जे परतू इच्छित नाहीत त्यांना भरपाई मिळावी, असे त्यात होते. बाहेरून ज्यू येऊन वसत असताना इथल्या निरपराध माणसांना घर नाकारणे न्यायाचे नाही, हेही त्यांनी लिहिले.

दुसऱ्या दिवशी, १७ सप्टेंबरला, ते जेरुसलेममध्ये होते. मोटारींचा ताफा कातामोन भागातून जात असताना एका जीपने रस्ता अडवला. मोटारीत कुणाजवळही शस्त्र नव्हते. जीपमधून उतरलेल्या एकाने खिडकीतून गोळ्या झाडल्या. बर्नाडोट आणि शेजारी बसलेले फ्रेंच कर्नल आंद्रे सेरो दोघेही मारले गेले. मारेकरी लेही या जहाल ज्यू संघटनेचे होते. इस्रायल सरकारने त्या संघटनेवर बंदी घातली आणि तिची माणसे पकडली, पण खुनाबद्दल कुणालाच शिक्षा झाली नाही. लेहीच्या तेव्हाच्या तीन प्रमुखांपैकी एक, यित्झाक शामीर, १९८३ मध्ये देशाचे पंतप्रधान झाले. हजारोंना छळछावण्यांतून, त्यांत ज्यूंनाही, सोडवून आणणाऱ्या माणसाला ज्यूंचा शत्रू ठरवून मारले गेले. १९९५ मध्ये परराष्ट्रमंत्री शिमॉन पेरेस यांनी या हत्येबद्दल जाहीर खेद व्यक्त केला.

बर्नाडोट यांचे अपुरे काम राल्फ बंच यांनी पुढे नेले. १९४९ मध्ये इस्रायल आणि शेजारी अरब राष्ट्रांत युद्धविरामाचे करार झाले, आणि बंच यांना १९५० चे शांतता नोबेल मिळाले. ११ डिसेंबर १९४८ रोजी राष्ट्रसंघाने १९४ क्रमांकाचा ठराव केला. निर्वासितांच्या परतीचा त्यातला भाग बर्नाडोट यांच्या अहवालावर उभा आहे. पण तो अमलात आला नाही. त्या युद्धात सुमारे ७ लाख अरब बेघर झाले. पुढे १९५०-५१ मध्ये इराकमधून १ लाख २० हजारांवर ज्यूंनाही पिढ्यान्‌पिढ्यांची घरे सोडून इस्रायलला जावे लागले. म्हणजे बगदादच्या ज्यूने आणि लिद्दाच्या मुसलमानाने एकच दुःख भोगले, आणि तरीही ते एकमेकांच्या विरुद्ध बाजूंना उभे राहिले.

बर्नाडोट यशस्वी झाले नाहीत. त्यांच्या हातून चुका झाल्या, आणि त्यांतली एक फार मोठी होती. तरी नेता कुणाला म्हणावे असा प्रश्न आता परीक्षेत आला, तर मला त्यांचेच नाव आठवेल. ज्यांची मते त्यांना कधी मिळणार नव्हती, ज्यांची भाषाही त्यांना येत नव्हती, अशा माणसांच्या घरांची जबाबदारी कुणाची, हे त्यांनी सहीनिशी लिहून ठेवले. त्यानंतर त्यांना एकच दिवस मिळाला.