मुरूडचे अण्णा : महर्षी धोंडो केशव कर्वे

अण्णांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी आजोळी, शेरवलीस झाला. बालपण मात्र मुरूडात गेले. सोमणमास्तरांच्या सांगण्यावरून हा लाजाळू मुलगा देवळात जमलेल्या मंडळींना वर्तमानपत्र वाचून दाखवी. पुढे परीक्षेसाठी तो घाट चढून पायी साताऱ्यास गेला, आणि वयाने लहान दिसतो म्हणून परत पाठविला गेला! मुंबईत शिकवण्यांवर संसार चालवीत असतानाही त्यांनी गावच्या हितासाठी मुरूड फंड काढला.

त्याच गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. कारण काय, तर पहिली पत्नी वारल्यावर १८९३ साली त्यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला. त्यांना घरात घ्यावे तर आई व भाऊही वाळीत पडावयाचे. स्मरणिकेत हे लिहिताना संकोच होतो, पण लपवून काय उपयोग?

१८९६ साली त्यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला. १९०० साली तो हिंगण्यास गेला. फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवून अण्णा पायी हिंगणे गाठीत, बायकोमुले पुण्यात. १९१६ साली महिला विद्यापीठ झाले. वयाच्या ७८ व्या वर्षी, १९३६ साली, खेड्यांतील शाळांसाठी ते पुन्हा वर्गणी मागत हिंडू लागले.

शंभरीत, १९५८ साली, भारतरत्न मिळाले. तो दिवस पाहावयास गोदूबाई नव्हत्या. त्या १९५० सालीच गेल्या. अण्णा ९ नोव्हेंबर १९६२ रोजी पुण्यास निवर्तले.