मकबऱ्यातली आई आणि नवजात बाळाच्या रक्तातली चरबी

बीबी का मकबरा तुम्ही पाहिला असेल. ज्या स्त्रीची ती कबर आहे, ती बाळंतपणानंतर महिनाभरातच गेली, हे मात्र फार जणांना ठाऊक नसते.

दिलरस बानू ही इराणच्या सफवी घराण्यातील शाहनवाज खानाची मुलगी. १६३७ मध्ये तिचा विवाह शाहजादा औरंगजेबाशी झाला. झेबुन्निसा, झीनतुन्निसा, झुब्दतुन्निसा आणि आझम या चौघांनंतर सप्टेंबर १६५७ मध्ये अकबराचा जन्म झाला. ८ ऑक्टोबरला दिलरस वारली. मृत्यूनंतर तिला राबिया-उद-दौरानी हा किताब मिळाला. १६८१ मध्ये याच अकबराने वडिलांविरुद्ध बंड केले आणि छत्रपती संभाजी महाराजांकडे आश्रय घेतला.

अकबराला आई महिनाभरच लाभली. पण त्याआधीचे नऊ महिने त्याची वाढ तिच्याच शरीरात झाली होती. तुमच्या बाळाचेही तसेच असते. रक्तातली चरबी हे त्याचे एक उदाहरण.

जन्मतः बाळाचे एकूण कोलेस्टेरॉल साधारण ६० ते ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, म्हणजे मोठ्या माणसापेक्षा बरेच कमी असते. त्यातले बरेचसे बाळाचे शरीर स्वतः तयार करते, काही वारेतून आईकडून येते. बाळ किती आठवड्यांचे जन्मले, गर्भात त्याची वाढ नीट झाली का, आईला मधुमेह होता का आणि आनुवंशिकता, यांनुसार हे आकडे बदलतात. वाढ खुंटलेल्या बाळांत ट्रायग्लिसराइड्स वाढलेले आढळू शकतात.

अंगावर पिणाऱ्या बाळाचे कोलेस्टेरॉल पुढे वाढते. त्याला घाबरू नका. आईच्या दुधात कोलेस्टेरॉल असतेच आणि मेंदूच्या वाढीसाठी स्निग्ध पदार्थ लागतात. त्यामुळे दूध तोडू नका. दोन वर्षांपर्यंत स्वतःहून बाळाचे तूप-तेलही बंद करू नका.

प्रत्येक नवजात बाळाची ही तपासणी करावी लागत नाही. मात्र आई-वडिलांचे कोलेस्टेरॉल खूप जास्त असेल किंवा घरात कमी वयात हृदयविकार झाला असेल, तर बालरोगतज्ज्ञांना जरूर सांगा.

आणि बाळाकडे पाहताना बाळंतिणीला विसरू नका. पहिल्या सहा आठवड्यांत तिला ताप, जास्त रक्तस्राव, दुर्गंधीयुक्त स्राव, तीव्र डोकेदुखी, धाप किंवा झटके यांपैकी काहीही झाले, तर वाट न पाहता लगेच रुग्णालयात न्या.