बटाटा, नीरा आणि कमलाबाई

खरं सांगते, मी कॉन्व्हेंटवाली. मराठी लिहायचं म्हटलं की वेलांटी पहिली की दुसरी, इथेच पाच मिनिटं जातात. तरी मॅगझिनवाल्यांनी मराठी विभागासाठी मलाच पकडलं. चुका पोटात घाला.

माझ्या सेमिनारचा विषय होता सूक्ष्मजीवांची एन्झाइम वापरून नवे अँटिऑक्सिडंट बनवणे. वाचता वाचता एक नाव भेटलं आणि सेमिनार दोन दिवस बाजूलाच राहिला. ते नाव म्हणजे डॉ. कमला सोहोनी. माहेरच्या भागवत. लेखिका दुर्गा भागवत यांच्या धाकट्या बहीण.

कमलाबाईंचा जन्म इंदूरचा. वडील नारायणराव आणि काका माधवराव, दोघेही केमिस्ट आणि दोघेही बंगलोरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले. त्यामुळे पोरीनेही तिथेच जायचं ठरवलं. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पहिल्या नंबराने पास झाल्या आणि बंगलोरला अर्ज केला. संस्थेचे डायरेक्टर होते सर सी. व्ही. रामन, नोबेलवाले. त्यांनी अर्ज नाकारला. कारण मार्क नव्हतं, कारण मुलगी हे होतं.

दुसरी कोणी असती तर रडून घरी गेली असती. कमलाबाईंनी गांधीजींचा मार्ग धरला आणि रामन यांच्या ऑफिससमोर सत्याग्रह केला. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्ष रेग्युलर विद्यार्थिनी म्हणून धरणार नाही, गाइड सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंत काम करायचं आणि लॅबमधल्या मुलांचं लक्ष विचलित करायचं नाही! ही शेवटची अट वाचून आमची अख्खी विंग हसली. मग जरा वेळाने गप्प झाली. आमच्या लेडीज होस्टेलचं गेट मुलांच्या होस्टेलच्या कितीतरी आधी बंद होतं. त्यांना रात्री काम करावं लागायचं, आम्हाला रात्री लायब्ररीत बसू देत नाहीत. नियम उलटा, पण विचार तोच ना?

कमलाबाईंनी भांडण तिथेच ठेवलं आणि कामाला लागल्या. गाइड श्रीनिवासय्या यांच्याकडे दूध, डाळी, कडधान्यं यांतल्या प्रथिनांवर संशोधन केलं. वर्षभरात रामन यांचं मत बदललं आणि मुलींसाठी संस्थेचं दार उघडलं. १९३६ मध्ये एम.एस्सी. झाली आणि मग केंब्रिज.

तिथे हॉपकिन्स यांच्या लॅबमध्ये त्यांच्या हाती आला बटाटा. हो, आपल्या मेसमधला बटाटा! बटाट्यावर काम करताना त्यांना वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी सापडलं. सोप्या भाषेत, सायटोक्रोम सी म्हणजे पेशीतला कुरियर बॉय. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन तो पुढच्या एन्झाइमकडे पोचवतो आणि तिथे ऑक्सिजनचं पाणी होतं. या साखळीतून काही इलेक्ट्रॉन मधेच निसटले की फ्री रॅडिकल तयार होतात. त्यांना आवरायचं काम अँटिऑक्सिडंटचं. कमलाबाईंचा प्रबंध फक्त ४० पानांचा होता आणि तो १४ महिन्यांत पूर्ण झाला. १९३९ मध्ये पीएच.डी. मिळाली. (आपली प्रोजेक्ट रिपोर्ट किती पानांची असते, ते सांगत नाही.)

परदेशात राहता आलं असतं, पण त्याच वर्षी त्या परत आल्या. दिल्लीचं लेडी हार्डिंज कॉलेज, मग कुन्नूरची पोषण प्रयोगशाळा, आणि १९४७ मध्ये लग्नानंतर मुंबईची इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स. तिथे राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेवर काम सुरू केलं. नीरेत आणि तिच्यापासून केलेल्या गुळात सी जीवनसत्त्व आणि लोह चांगलं असतं, हे त्यांनी दाखवलं. आदिवासी भागातल्या कुपोषित मुलांना आणि गरोदर बायांना नीरा दिली तर तब्येत सुधारते, हेही दिसलं. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

हे वाचताना मला आपला चंद्रपूर-गडचिरोलीच आठवला. झाडाचा तोच रस पहाटे उतरवला तर नीरा आणि ऊन चढेपर्यंत ठेवला की ताडी. मधल्या वेळात यीस्टची एन्झाइम साखर फोडतात आणि अल्कोहोल बनवतात. म्हणून तर मडक्याला आतून चुना लावतात. मोहफुलांचंही तसंच. वाळवून खाल्ली तर पोटाला आधार, आंबवली तर दारू. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. बंदी असो नसो, जंगलातल्या पोराच्या ताटात काय पडतं हा प्रश्न उरतोच, आणि कमलाबाई त्याच प्रश्नाचं उत्तर शोधत होत्या.

आता सेमिनारचं सांगते. सी जीवनसत्त्व हवेने, उष्णतेने लवकर खराब होतं. जपानमध्ये एका बॅसिलस जिवाणूचं एन्झाइम वापरून त्याला ग्लुकोजचा एक रेणू जोडला. नवं संयुग टिकाऊ झालं, आणि शरीरात गेल्यावर ग्लुकोज सुटून सी जीवनसत्त्व मोकळं होतं. म्हणजे जी सूक्ष्मजीवांची एन्झाइम नीरेची ताडी करतात, त्यांच्याच जातीची दुसरी एन्झाइम जीवनसत्त्व टिकवतात. कोणतं एन्झाइम कुठे वापरायचं, हे कळायला हवं फक्त.

एवढं करूनही मुंबईच्या संस्थेचं डायरेक्टरपद त्यांना चार वर्षं उशिरा मिळालं. रिटायर झाल्यावरही त्या बसल्या नाहीत. ग्राहक चळवळीत पडल्या, अन्नातल्या भेसळीवर लिहिलं. १९९८ मध्ये दिल्लीत त्यांच्या सत्काराच्या कार्यक्रमातच त्या कोसळल्या आणि थोड्याच दिवसांत गेल्या.

माझा सेमिनार बरा झाला. सरांनी विचारलं, सायटोक्रोम वनस्पतीत कोणी शोधलं? अख्ख्या क्लासमध्ये मीच हात वर केला. तर मैत्रिणींनो (आणि मित्रांनोही), मेसमध्ये परत बटाट्याची भाजी आली की नाक मुरडण्याआधी कमलाबाईंना एकदा आठवा. आणि गेटच्या टायमिंगचा अर्ज मी लिहून ठेवलाय, सह्या करायला खोलीवर या.