कोणाच्या हातचे पाणी?

मराठवाड्यातील माणसाला पाण्याचे मोल समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. चैत्र लागला की गावोगावी घागरींच्या रांगा लागतात आणि छत्रपती संभाजीनगरसारख्या मोठ्या शहरातही नळाला पाणी कोणत्या दिवशी येणार, याभोवती गृहिणीचा सारा आठवडा फिरू लागतो. पाणी आहे की नाही, हा प्रश्न अशा रीतीने आपल्या अंगवळणी पडला आहे. परंतु या भूमीत पाण्याविषयी आणखी एक प्रश्न शतकानुशतके विचारला गेला आणि तो अधिक क्रूर होता. पाणी कोणाच्या हातचे, हा तो प्रश्न होय. धर्माची खरी कसोटी पोथीत लागते की पाण्याच्या रांजणापाशी, याचा निर्णय ज्यांना करावयाचा असेल त्यांनी लक्ष्मीबाई टिळक यांचे चरित्र एकवार डोळ्यांखालून घालावे.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, नाशिक परिसरातील गोखल्यांच्या घरातला. १८५७ च्या धामधुमीत त्यांच्या आईच्या वडिलांना इंग्रज सरकारने फाशी दिले. त्या घटनेचा त्यांच्या वडिलांच्या मनावर असा विलक्षण परिणाम झाला की, उरलेले आयुष्य त्यांनी सोवळ्याच्या अक्षरशः ध्यासात घालविले. बाजारातून आलेले धान्य तर राहोच, मीठदेखील धुतल्यावाचून घरात यावयाचे नाही, असा त्यांचा खाक्या होता. विटाळाच्या भीतीने मुलाबाळांनाही घरात मोकळेपणाने वावरता येत नसे. ज्या घरात मीठसुद्धा पाण्याने शुद्ध करून घेत, त्या घरातील मुलगी पुढे कोणाही माणसाच्या हातचे पाणी निःशंकपणे पिऊ लागली. एवढ्या एका वाक्यात लक्ष्मीबाईंच्या आयुष्याचा सारांश सांगता येईल. मात्र या वाक्याच्या आरंभापासून शेवटापर्यंत पोहोचण्यास त्यांना तीस वर्षे लागली.

वयाच्या अकराव्या वर्षी त्यांचा विवाह नारायण वामन टिळक यांच्याशी झाला. टिळक १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे जन्मले. ते संस्कृतचे व्यासंगी, जातिवंत कवी, मनाने अत्यंत उदार आणि स्वभावाने तितकेच तापट. घरात आज पैसा आहे, उद्या नाही, आणि आहे तो कोणा गरजवंताच्या हाती केव्हा जाईल याचा नेम नाही, असा त्यांचा संसार होता. आज या गावी तर उद्या त्या गावी. पत्नीला शिकविण्याचा उत्साह त्यांना अधूनमधून येई आणि तिच्या पहिल्याच चुकीवर तो संतापात विरून जाई. त्या अर्धवट शिकवणीतून लक्ष्मीबाईंच्या पदरी जेमतेम वाचण्यापुरती अक्षरे पडली. लिहिणे त्यांना अखेरपर्यंत जडच गेले.

१८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावकडे जात असताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने टिळकांना नव्या कराराची एक प्रत दिली. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी ते थांबले आणि तेथून त्यांचे मन मागे फिरले नाही. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या वेळी लक्ष्मीबाई माहेरच्या माणसांत होत्या, पदरी लहान मुलगा होता. त्या काळच्या ब्राह्मण कुटुंबात ही वार्ता म्हणजे जिवंत माणसाची मृत्युवार्ताच होती. पती हयात असून संसार उरला नाही, सौभाग्य असून त्याला अर्थ राहिला नाही, अशा विचित्र अवस्थेत ही सत्तावीस वर्षांची स्त्री सापडली. नातलगांच्या आधाराने तिने पुढील काही वर्षे काढली, त्यांतील काही पंढरपुरात.

येथे या चरित्रातील पहिला धडा आहे आणि तो दोघांकडून शिकण्यासारखा आहे. लक्ष्मीबाईंनी पतीवरील प्रेमाखातर आपली श्रद्धा सोडली नाही, आणि टिळकांनीही पतीच्या अधिकाराचा बडगा उगारून ती सोडावयास लावली नाही. ताटातुटीनंतर त्या मुलासह नगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, पतीकडे आल्या, तेव्हा त्यांनी आपली चूल आणि आपले पाणी वेगळे राखले आणि टिळकांनी ते राखू दिले. एकाच छपराखाली दोन धर्म नांदू लागले. तापट म्हणून प्रसिद्ध असलेल्या माणसाने या एका बाबतीत जो धीर दाखविला, तो त्याच्या काव्यापेक्षा उणा मानता येणार नाही. विश्वास हा हुकुमाने उत्पन्न होत नाही, हे त्याला कळले होते.

ख्रिस्ताने देवाच्या राज्याला एकदा खमिराची उपमा दिली आहे. एका स्त्रीने थोडेसे खमीर तीन मापे पिठात कालवले आणि हळूहळू सारे पीठ फुगून आले, एवढाच तो दृष्टान्त. स्वयंपाकघरात वावरणाऱ्या कोणालाही तो सांगून समजावा लागत नाही. पीठ कधी फुगले हे पाहत बसले तर दिसत नाही; दुसऱ्या कामाला लागून परत यावे तर ते झालेले असते. लक्ष्मीबाईंच्या मनात नेमके हेच घडले. त्यांना वादविवादाने कोणी जिंकले नाही. घरात येणारीजाणारी माणसे, नित्याचे स्पर्श आणि त्या स्पर्शांनी काही अनर्थ होत नाही हा नित्याचा अनुभव, यांनी ते पीठ आतून फुगत होते.

आणि एके दिवशी त्यांनी स्वतःशीच प्रश्न केला, की जाती देवाने केल्या की माणसाने? पशुपक्ष्यांतील जातींचे भेद देहावर दिसतात, तसा भेद देवाला माणसांत करावयाचा असता तर तो देहावर उमटल्यावाचून राहिला नसता, असा त्यांच्या विचाराचा रोख होता. कोणाही अशिक्षित बाईला सुचेल असा हा साधा युक्तिवाद. परंतु तो सुचल्यावर त्यांनी जे केले ते मोठमोठ्या पंडितांना साधलेले नाही. विचार पटला, त्याच क्षणापासून त्यांनी तो पाण्याला लावला. यापुढे कोणाच्याही हातचे अन्न आणि पाणी आपल्याला चालेल, असे त्यांनी ठरविले. विशेष हे की, हा निर्णय त्यांच्या बाप्तिस्म्याच्या आधीचा आहे. त्यांनी आधी शेजारी स्वीकारला आणि मग धर्म स्वीकारला. १९०० साली त्या रीतसर ख्रिस्ती झाल्या, तेव्हा अंतःकरणातील अवघड काम अगोदरच उरकले होते.

बायबलातील एक प्रसंग या ठिकाणी आठवल्यावाचून राहत नाही. दुपारची वेळ आहे, वाटचालीने थकलेला येशू शोमरोनातील याकोबाच्या विहिरीवर बसला आहे आणि पाणी भरावयास आलेल्या एका शोमरोनी स्त्रीपाशी तो प्यावयास पाणी मागतो. ती चकित होते, कारण यहुदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवीत नसत. हा प्रसंग वाचताना आपले लक्ष बहुधा पुढील तत्त्वचर्चेकडे जाते. पण आपल्या देशातील वाचकाने आरंभीच्या त्या मागणीपाशीच थांबावे. उच्च मानला गेलेला मनुष्य हीन मानल्या गेलेल्या स्त्रीपुढे ओंजळ करतो. तो तिला काही देत नाही, तिच्याकडून घेतो. दान देऊनही दात्याला आपले उच्चपण शाबूत ठेवता येते. घेण्यात मात्र ते गळून पडते. लक्ष्मीबाईंनी हे ज्ञान ग्रंथातून मिळविले नव्हते, तरी त्या त्याच विहिरीवर येऊन पोहोचल्या होत्या.

हा विचार आपल्या मातीला परका होता असेही नाही. आपल्यापासून तासा-दीड तासाच्या अंतरावर पैठण आहे. काशीहून आणलेल्या कावडीतील गंगाजल तहानलेल्या गाढवाला पाजणारे आणि वाळवंटात पोळणारे अंत्यजाचे पोर कडेवर उचलून घेणारे एकनाथ महाराज याच गोदाकाठचे. टिळकही स्वतःला संतपरंपरेचे ऋणी मानीत; तुकोबांच्याच वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत आलो, अशी त्यांची धारणा होती. म्हणूनच त्यांचा ख्रिस्त अभंगातून आणि ओवीतून बोलला, आणि मराठी ख्रिस्ती मंडळ्या आजही त्यांची पदे गातात.

पाण्याची कसोटी उतरल्यावर पुढील कसोट्या आपोआप आल्या. छप्पन्नच्या दुष्काळात, म्हणजे १८९९-१९०० च्या काळात, नगर जिल्ह्याची दैना उडाली. टिळक निराधार मुले घरी आणीत आणि त्यांच्या पोटाची चिंता अर्थातच लक्ष्मीबाईंना वाहावी लागे. करुणा पतीच्या अंतःकरणात उपजे, पण ती रोज दोन वेळा शिजवावी लागे ती पत्नीला. पुढे प्लेगने गाठले. ज्या रोगाच्या नुसत्या नावाने सख्खी माणसे घर सोडून पळत, त्या रोगाने आजारी पडलेल्या मुलींच्या शुश्रूषेसाठी लक्ष्मीबाई पुढे झाल्या. शोमरोनी मनुष्याने वाटेत पडलेल्या जखमी वाटसरूची जात विचारली नाही, हा दृष्टान्त त्या जगल्या. आणि त्याचा गाजावाजा न करता, घरातील एखादे काम उरकावे तशा जगल्या.

१९१७ साली टिळकांनी मिशनचा पगार सोडून संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि साताऱ्यास देवाच्या दरबाराचा प्रयोग आरंभिला. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. पुढील सतरा वर्षे लक्ष्मीबाईंची स्वतःची म्हणावी अशी आहेत. मुलाच्या नोकरीनिमित्त त्या काही काळ कराचीस राहिल्या, पुढे नाशिकला परतल्या. टिळकांनी हाती घेतलेले ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध काव्य सुमारे दहा अध्यायांवर थांबले होते. जिला शुद्ध लिहिणे कधी जमले नाही, त्या स्त्रीने त्याला चौसष्ट अध्यायांची भर घालून ते पुरे केले. वडिलांचे चरित्र लिहावे या हेतूने मुलगा देवदत्त याने आईकडे आठवणी मागितल्या, आणि त्यांतून १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत ‘स्मृतिचित्रे’ अवतरली. मराठी गद्याला लाभलेले हे एक निर्मळ लेणे आहे. स्वतःचे हसे करून घेण्याची एवढी तयारी आत्मचरित्रकारांत क्वचित आढळते. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिक येथे त्या निवर्तल्या. मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कवितासंग्रहाचे नाव ‘भरली घागर’ असे असावे, हा योग मोठा अर्थपूर्ण वाटतो.

तथापि या चरित्राचे गुणगान करीत असताना एक गोष्ट नजरेआड होता कामा नये. लक्ष्मीबाईंनी पाणी घेतले याचे आपण कौतुक करतो; पण ज्यांच्या हातचे पाणी तोवर कोणी घेत नव्हते, त्यांची स्मृतिचित्रे कोठे आहेत? नगर आणि मराठवाड्याच्या खेड्यांतील ख्रिस्ती समाज बव्हंशी महार आणि मांग वस्त्यांतून घडला. त्यांना सोवळे सोडावयाचे नव्हते. त्यांना सार्वजनिक तळ्याचे पाणी हवे होते. त्यासाठी १९२७ साली महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. बाप्तिस्म्याचे पाणी डोक्यावर पडल्याने जात धुऊन गेली असेही सर्वत्र घडले नाही. देवळाच्या आतही ती बाकांवर बसून राहिली, ही कबुली ख्रिस्ती विचारवंतांनीच वेळोवेळी दिली आहे. एका स्त्रीचे हृदयपरिवर्तन ही समाजाच्या न्यायाची भरपाई होऊ शकत नाही. पण हृदय न पालटता मिळालेला न्याय कागदावरच राहतो, हेही आपण पुष्कळ पाहिले आहे.

याच शहरात १९५० साली बाबासाहेबांनी मिलिंद महाविद्यालय उभे केले आणि पिढ्यान्‌पिढ्या ज्ञानापासून वंचित राहिलेल्यांना ज्ञानाचे पाणवठे खुले झाले. कायद्याने अस्पृश्यता केव्हाच गेली. शिक्षकांच्या खोलीतील माठाला आणि कचेरीतील पाण्याच्या पिंपाला आता कोणी पहारा ठेवीत नाही. परंतु खोली भाड्याने देताना आडनाव ऐकून घरमालकाचा चेहरा का बदलतो? जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले की कोणी कोणाशेजारी बसावे, हे न ठरविताच कसे ठरते? मुलाच्या मित्राला आपण चहा देतो, पण त्याच्या घरी जाऊन पाणी पिण्याची वेळ येते तेव्हा आपल्याला नेमकी घाई कशी असते? देण्यापुरते आपण सारेच उदार झालो आहोत. घेण्याचा प्रसंग आला की जुने सोवळे नव्या वस्त्रात पुढे येते.

लक्ष्मीबाईंचा मार्ग यावर उपयोगी आहे, कारण तो सामान्यांना झेपणारा आहे. त्याला विद्वत्ता लागत नाही आणि धर्मांतरही लागत नाही. स्वतःला एक प्रामाणिक प्रश्न विचारावा, उत्तर पटेपर्यंत पाहिजे तेवढा वेळ घ्यावा, आणि पटल्यावर त्याच दिवशी, समोर येईल त्याच्या हातून पेला घेऊन तो प्यावा. मीठ धुऊन घेणाऱ्या घरातील लेकीला जे साधले, ते आपल्याला अशक्य आहे असे म्हणण्यास आपल्यापाशी कोणते निमित्त उरते?