बाबासाहेब आणि आपली शेती

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना आपण घटनेचे शिल्पकार म्हणून ओळखतो. शेतीचे अभ्यासक म्हणून मात्र त्यांची ओळख आपल्याला फारशी नाही. तंबाखू, ऊस आणि भात पिकवणाऱ्या आपल्या निपाणी-बेळगाव पट्ट्याला या दुसऱ्या ओळखीची गरज आहे, म्हणून यंदाच्या स्मरणिकेत आम्ही त्यांच्या चरित्राची ही बाजू मांडत आहोत.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. घराण्याचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. लहानपण साताऱ्यात गेले. वडील रामजी सुभेदार त्या काळी खटाव तालुक्यात रोखपाल होते. दुष्काळात होरपळलेल्या लोकांना मजुरी मिळावी म्हणून तेथे तलावाचे काम चालू होते. कोरडवाहू शेतीचे हाल आणि अस्पृश्यतेचे चटके या मुलाला एकाच वयात कळले. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती मिळाली आणि ते अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकायला गेले.

परतल्यावर १९१८ साली त्यांनी भारतातील लहान शेतजमिनींवर एक निबंध प्रसिद्ध केला. त्या वेळी सरकार आणि विद्वान यांचा सूर असा होता, की वाटण्या होऊन जमिनीचे तुकडे पडतात म्हणून शेतकरी गरीब राहतो, तेव्हा तुकडे एकत्र करा. बाबासाहेबांनी उलट विचार मांडला. शेत मोठे की लहान हे नुसत्या एकरांवरून ठरत नाही. त्यावर घालायला भांडवल, बैल, अवजारे किती आहेत, यावर ते ठरते. आपल्याकडे शेतीवर माणसांचा भार जास्त आणि भांडवल कमी. हा भार उद्योगधंद्यांकडे वळल्याशिवाय शेती सुधारणार नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. तेव्हा त्यांचे वय होते अवघे सत्तावीस.

आपल्या भागाशी त्यांचे नाते लवकरच जुळले. मार्च १९२० मध्ये कागल जहागिरीतल्या माणगावात अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्ष बाबासाहेब होते आणि राजर्षी शाहू महाराज स्वतः हजर होते. पुढे एप्रिल १९२५ मध्ये खुद्द आपल्या निपाणीत मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषद झाली, तिचेही अध्यक्षपद त्यांनी भूषविले. १९२९ साली धारवाडला त्यांनी विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. खेड्यातल्या गरीब मुलांना शिक्षणाची वाट त्यामुळे मोकळी झाली.

शेतीच्या प्रश्नात जात कुठे येते, असे काही जणांना वाटेल. त्याचे उत्तर महार वतनात आहे. गावकीची सेवा पिढ्यान्‌पिढ्या करायची आणि बदल्यात थोडी इनाम जमीन व बलुते घ्यायचे, अशी ती रीत होती. दिवस-रात्र केव्हाही बोलावणे यायचे, आणि जमिनीच्या मोहाने माणूस गावकीला बांधलेला राहायचा. शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात १९१८ साली हे वतन मोडले. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात दुरुस्तीचे विधेयक मांडले. वतनदाराला सेवेतून मोकळे करा, जमीन पूर्ण सारा घेऊन त्याच्या नावावर ठेवा आणि कामाला रोख पगार द्या, असा त्यांचा आग्रह होता. वतन कायद्याने संपायला मात्र स्वातंत्र्य उलटून गेले. मुंबई राज्यात १९५८चा कायदा आला. तोवर आपला जिल्हा म्हैसूर राज्यात गेला होता, त्यामुळे इथे १९६१चा वेगळा कायदा लागू झाला.

कोकणातल्या कुळांसाठीही ते उभे राहिले. सप्टेंबर १९३७ मध्ये त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले, आणि जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर नेला. त्या मोर्चात कुणबी आणि महार खांद्याला खांदा लावून चालले.

स्त्रियांच्या बाबतीत त्यांचा हिशेब सरळ होता. कष्टात बाई बरोबरीने आहे, तर हक्कातही असली पाहिजे. १९२८ साली त्यांनी कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाला पाठिंबा दिला. कायदेमंत्री असताना हिंदू कोड बिलात मुलीला वारसा आणि विधवेला संपत्तीवर पूर्ण मालकी देण्यासाठी ते झगडले. बिल रखडले, तेव्हा सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले. पुढे ते तुकड्यातुकड्यांनी मंजूर झाले आणि १९५६च्या वारसा कायद्याने मुलीला वाटा मिळाला. वडिलोपार्जित संपत्तीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळायला मात्र आणखी वेळ लागला. महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांनी तो १९९४ साली दिला, देशभर तो २००५ साली आला. बाबासाहेबांचे निर्वाण ६ डिसेंबर १९५६ रोजीच झाले होते.

म्हणजे सीमेच्या अलीकडे असो वा पलीकडे, या एका बाबतीत कायदा सारखाच आहे. प्रत्यक्षात काय दिसते? तरू लावण्यापासून भांगलण, खुडणीपर्यंत रानातली निम्म्याहून अधिक कामे बायकाच करतात, पण उताऱ्यावर नाव क्वचितच त्यांचे असते. नाव नाही म्हणून सोसायटीचे पीककर्ज नाही, नुकसानभरपाई नाही. दुसऱ्याच्या रानात रोजाने जाणारीची तर कुठेच नोंद नसते. आणि वाटणीची वेळ आली की बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते, तीही माहेर तुटू नये म्हणून निमूटपणे देते.

या उत्सवात घरोघरी गौरी येतील. माहेरवाशिणीचे लाड होतील, ओटी भरली जाईल, भाजी-भाकरीचा नैवेद्य होईल. हे सगळे व्हावेच. त्याबरोबर आपल्या घरच्या लेकीबहिणींशी जमिनीविषयी एकदा मोकळेपणाने बोलावे, आणि उताऱ्यावर पत्नीचे नाव लावायचे राहिले असेल तर ते लावून घ्यावे, अशी आम्हा सर्वांची विनंती आहे. निपाणीच्या परिषदेला शंभर वर्षे झाली. बाबासाहेबांचे एवढे देणे तरी आपण फेडू या.

गणपती बाप्पा मोरया!