पोथ्यांच्या गाठोड्यांतून भारताच्या खगोलशास्त्राचा इतिहास लिहिणारा मराठी शाळामास्तर

मकरसंक्रांत १४ किंवा १५ जानेवारीला येते. त्या दिवसापासून उत्तरायण सुरू होतं आणि दिवस मोठा होऊ लागतो, असं आपण लहानपणापासून ऐकत आलोय. पण दिवस प्रत्यक्षात मोठा व्हायला लागतो २१-२२ डिसेंबरपासूनच. मग मधले तीन आठवडे कुठं गेले?

सव्वाशे वर्षांपूर्वी एका शाळामास्तरानं हा प्रश्न हातात घेतला. त्याचं उत्तर शोधता शोधता त्यांनी भारतीय खगोलशास्त्राचा अख्खा इतिहासच लिहून काढला, आणि तोही मराठीत. त्यांचं नाव शंकर बाळकृष्ण दीक्षित.

दीक्षितांचा जन्म १८५३ सालचा, कोकणातल्या दापोली तालुक्यातल्या मुरूड गावचा. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात ते शिक्षक होण्यासाठी शिकले आणि मॅट्रिक झाले. नावापुढं विद्यापीठाची पदवी नव्हती, हाताशी वेधशाळा नव्हती. सरकारी शिक्षण खात्यातली नोकरी, त्यामुळं बदल्या ठरलेल्या. रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे आणि शेवटी पुन्हा पुणे असा त्यांचा प्रवास झाला.

यातला बार्शीचा मुक्काम मराठवाड्याच्या अगदी उंबरठ्यावरचा. बार्शी तेव्हा इंग्रजांच्या सोलापूर जिल्ह्यात होती. तिथून पुढं लातूर, अहमदपूर, नांदेड हा सगळा मुलूख निजामाचा. लोक त्याला मोगलाई म्हणायचे. बार्शीची छोटी रेल्वेसुद्धा तेव्हा नव्हती, ती १८९७ मध्ये आली. अशा गावात शाळा सांभाळत दीक्षित गणितं करत होते आणि जुन्या पोथ्या वाचत होते.

या पोथ्या एवढ्या महत्त्वाच्या का, हे समजायला एक आजचं उदाहरण घेऊ. अमेरिकेचे प्रसिद्ध खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन १९९६ मध्ये गेले. त्यांची पत्रं, टिपणं, लेखांचे कच्चे खर्डे अशी शेकडो खोकी आज तिथल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जपून ठेवलेली आहेत. २०१३ पासून अभ्यासकांना ती पाहता येतात. माणूस गेला तरी त्यानं विचार कसा केला, ते कागदांवरून कळतं.

आपल्याकडच्या खगोलशास्त्रज्ञांचे कागद म्हणजे लाल कापडात बांधलेल्या पोथ्या. एकाच ग्रंथाच्या अनेक नकला, प्रत्येक नकलेत थोडा फरक. कुठं लेखकाचं नाव नाही, कुठं साल नाही. पुढची पिढी गाव सोडून गेली की पोथ्याही पांगल्या.

मराठवाड्यातलीच दोन उदाहरणं बघा. गोदावरीच्या खोऱ्यातल्या पार्थपुरात, म्हणजे परभणी जिल्ह्यातल्या आजच्या पाथरीत, ज्ञानराज नावाचे गणिती राहत होते. त्यांनी १५०३ च्या सुमारास ‘सिद्धांतसुंदर’ हा खगोलशास्त्राचा ग्रंथ लिहिला. त्यांचा मुलगा सूर्यदास यानं भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’वर आणि ‘बीजगणिता’वर टीका लिहिल्या. दुसरं घराणं गोदाकाठच्या गोलग्रामचं. ते पुढं काशीला गेलं आणि त्याच घराण्यातल्या कमलाकरानं १६५८ मध्ये ‘सिद्धांततत्त्वविवेक’ लिहिला. मराठवाड्यातली विद्या अशी काशीपर्यंत पोचली होती, पण तिची सलग नोंद मराठीत कुणी केलेली नव्हती.

दीक्षितांनी नेमकं हेच काम केलं. कोणता ग्रंथकार कधी झाला, तो कुठला, त्याचे बाप-मुलगे कोण, त्यानं वर्षाची लांबी किती धरली आणि ग्रहांची गती किती धरली, हे त्यांनी एकेका ग्रंथावरून तपासलं. घराण्यांच्या वंशावळी जुळवल्या. नुसतं वाचून ते थांबले नाहीत. जुन्या ग्रंथातलं गणित ते स्वतः करून बघायचे. ग्रंथात साल नसलं तरी आकड्यांवरून त्याचा काळ पकडता येतो, हे त्यांना चांगलं माहीत होतं.

याच हिशेबानं त्यांना इतिहास संशोधनात मोठं नाव मिळवून दिलं. गुप्त राजांच्या शिलालेखांवर गुप्त संवताचं साल असायचं. पण हा संवत सुरू कधी झाला, यावर विद्वानांचे वाद होते. कुणी तो इ.स. ७८ च्या आसपास नेत होतं, तर कुणी १६६ च्या. म्हणजे अख्खा गुप्तकाळ अडीचशे वर्षं मागंपुढं सरकत होता!

मध्य प्रदेशातल्या एरण इथल्या एका स्तंभावर बुधगुप्त राजाच्या काळातला लेख आहे. त्यात गुप्त वर्ष १६५, आषाढ शुद्ध द्वादशी आणि गुरुवार असा उल्लेख आहे. तिथी आणि वार यांचा असा मेळ कोणत्याही वर्षी बसत नाही. हिशेब केल्यावर तो इ.स. ४८४ च्या २१ जूनला बसला. त्यावरून गुप्त संवताची सुरुवात इ.स. ३१९-३२० च्या सुमाराची, याला भक्कम आधार मिळाला. इंग्रज अधिकारी आणि शिलालेखतज्ज्ञ जॉन फ्लीट यांनी १८८८ मध्ये गुप्त लेखांचा जो मोठा ग्रंथ छापला, त्यातली अशी गणितं दीक्षितांची होती. पुढं १८९६ मध्ये मद्रासच्या सनदी सेवेतले रॉबर्ट स्यूएल आणि दीक्षित या दोघांच्या नावानं ‘द इंडियन कॅलेंडर’ हा ग्रंथ लंडनला निघाला. जुन्या लेखातली भारतीय तारीख इंग्रजी तारखेत बदलण्यासाठी तो अभ्यासकांच्या हाताशी राहिला.

पण दीक्षितांना फक्त पंडितांसाठी लिहायचं नव्हतं. १८९२ मध्ये त्यांनी ‘ज्योतिर्विलास’ हे पुस्तक काढलं. त्याचं दुसरं नाव होतं ‘रात्रीची दोन घटका मौज’. एक घटका म्हणजे २४ मिनिटं. रात्री जेवणानंतर पाऊण तास अंगणात उभं राहून आकाश बघायचं, त्यात काय काय दिसतं ते समजून घ्यायचं, अशी ही कल्पना. खगोलशास्त्र म्हणजे कुंडली आणि मुहूर्त एवढंच ज्यांना ठाऊक होतं, त्यांच्यासाठी हे पुस्तक होतं.

१८८० च्या दशकात पुण्याच्या दक्षिणा प्राइझ कमिटीनं पंचांगाच्या इतिहासावर ग्रंथ मागवला होता. दीक्षितांनी त्यासाठी लिहायला घेतलं आणि विषय वाढत गेला. वेदकाळापासून स्वतःच्या काळातल्या पंचांगांपर्यंतचा हा ग्रंथ ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या नावानं १८९६ मध्ये पुण्यात छापून निघाला.

यातला त्यांचा सगळ्यात गाजलेला मुद्दा कृत्तिकांचा आहे. शतपथ ब्राह्मणात कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत, असा अर्थाचा उल्लेख येतो. आज नोव्हेंबरच्या संध्याकाळी बघितलं तर कृत्तिका ठीक पूर्वेला उगवत नाहीत, बऱ्याच ईशान्येकडं सरकून उगवतात. मग त्या ठीक पूर्वेला कधी उगवत होत्या?

पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा हळूहळू डुलतो. एक फेरी पूर्ण व्हायला सुमारे २६,००० वर्षं लागतात. त्यामुळं ताऱ्यांच्या उगवण्याच्या जागा बदलत जातात. दीक्षितांनी उलटं गणित केलं आणि हा काळ इ.स.पू. ३००० च्या आसपासचा काढला. युरोपातल्या काही विद्वानांना हे पटलं नाही. एवढ्या जुन्या वाक्याचा शब्दशः अर्थ घ्यावा का, ही त्यांची शंका होती आणि तो वाद आजही मिटलेला नाही. पण ग्रंथातल्या एका वाक्याची परीक्षा आकाशाकडं बघून घेता येते, हे दीक्षितांनी दाखवून दिलं.

संक्रांतीच्या तीन आठवड्यांचं उत्तरही याच डुलण्यात आहे. आपली पंचांगं राशी ताऱ्यांवरून मोजतात, त्याला निरयन पद्धत म्हणतात. ऋतू मात्र सूर्याच्या उत्तर-दक्षिण सरकण्यावर चालतात, त्यावरून मोजणं म्हणजे सायन पद्धत. या दोन्हींत दर ७२ वर्षांनी साधारण एका अंशाचं, म्हणजे सुमारे एका दिवसाचं अंतर वाढतं. साठत साठत ते तीन आठवड्यांच्या वर गेलंय. असंच चालू राहिलं तर काही हजार वर्षांनी संक्रांत भर उन्हाळ्यात येईल. म्हणून पंचांग सायन असावं, असं दीक्षितांचं मत होतं. विसाजी रघुनाथ लेले आणि जनार्दन बाळाजी मोडक यांच्याबरोबर त्यांनी सायन पंचांगाचा पुरस्कार केला. समाजानं ते स्वीकारलं नाही. सण पूर्वीसारखेच चालू राहिले.

मोठा ग्रंथ छापून दोन वर्षंही झाली नसतील, तोच २० एप्रिल १८९८ रोजी पुण्यात दीक्षित गेले. तेव्हा त्यांचं वय होतं अवघं ४४ वर्षं.

पुढं स्वतंत्र भारताच्या सरकारनं १९५२ मध्ये मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली. तिच्या शिफारशीनुसार २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. तिचं वर्ष सायन आहे. सरकारी राजपत्रावर इंग्रजी तारखेसोबत जी भारतीय सौर तारीख दिसते, ती हीच. दीक्षितांची बाजू सणांच्या पंचांगात हरली, पण देशाच्या दिनदर्शिकेत तिला जागा मिळाली.

त्यांच्या मराठी ग्रंथाचा हिंदी अनुवाद झाला. इंग्रजी अनुवाद र. वि. वैद्य यांनी केला आणि भारत सरकारनं तो दोन भागांत छापला, पहिला १९६९ मध्ये आणि दुसरा १९८१ मध्ये. पाथरीच्या ज्ञानराजांचं ‘सिद्धांतसुंदर’ तर इंग्रजी भाषांतर आणि विवेचनासह २०१४ मध्ये अमेरिकेत पुस्तकरूपानं निघालं. जगाला आज जी पोथी इंग्रजीत वाचता येते, तिची आणि तिच्या कर्त्याच्या घराण्याची माहिती मराठी वाचकाला १८९६ मध्येच मिळाली होती, शाळा सांभाळून रात्री आकडेमोड करणाऱ्या एका मास्तरामुळं.