स्वांते अऱ्हेनियस

स्वांते ऑगस्ट अऱ्हेनियस (१९ फेब्रुवारी १८५९ – २ ऑक्टोबर १९२७) हे स्वीडिश भौतिकशास्त्रज्ञ व रसायनशास्त्रज्ञ होते. भौतिकी रसायनशास्त्राच्या संस्थापकांमध्ये त्यांची गणना होते. १९०३ साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हा पुरस्कार मिळवणारे ते पहिले स्वीडिश नागरिक होत.

शिक्षण व प्रबंध

त्यांचा जन्म उप्साला शहराजवळील विक येथे झाला. वडील उप्साला विद्यापीठात भूमापक होते. त्याच विद्यापीठात शिक्षण घेतल्यानंतर १८८१ मध्ये ते स्टॉकहोमला एरिक एडलुंड यांच्याकडे संशोधनासाठी गेले. १८८४ मध्ये त्यांनी द्रावणांच्या विद्युत वाहकतेवरील प्रबंध उप्साला येथे सादर केला. परीक्षकांनी त्याला अगदी खालची श्रेणी दिल्याने विद्यापीठातील अध्यापनाचा मार्ग जवळजवळ बंद झाला. मात्र प्रबंधाची प्रत वाचून विल्हेल्म ओस्टवाल्ड त्यांना भेटण्यासाठी स्वतः उप्सालाला आले. त्यानंतर अऱ्हेनियस यांना परदेशी संशोधनाची संधी मिळाली.

आयन सिद्धान्त

मीठ पाण्यात विरघळताच, विद्युतप्रवाह नसतानाही, त्याचे धन व ऋण आयनांत विचरण होते, असे त्यांनी १८८७ मध्ये मांडले. या सिद्धान्तानुसार पाण्यात हायड्रोजन आयन देणारा पदार्थ म्हणजे आम्ल आणि हायड्रॉक्साइड आयन देणारा पदार्थ म्हणजे आम्लारी. तीव्र आम्ल व तीव्र आम्लारी कोणतेही असले तरी विरल द्रावणांच्या उदासिनीकरणात दर मोल पाण्यामागे सुमारे ५७ किलोज्यूल उष्णता का बाहेर पडते, याचा उलगडाही त्यातून झाला: प्रत्येक वेळी घडते ती याच दोन आयनांपासून पाणी बनण्याची अभिक्रिया. अमोनियासारख्या, स्वतःमध्ये हायड्रॉक्साइड नसलेल्या आम्लारींबाबत ही व्याख्या अपुरी पडते. १९२३ मध्ये ब्रॉन्स्टेड व लॉरी यांनी अधिक व्यापक व्याख्या दिली.

अभिक्रियेचा दर

तापमान थोडे वाढले तरी अभिक्रियेचा दर पुष्कळ वाढतो. रेणूंच्या वेगातील किंचित वाढीने याचे स्पष्टीकरण होत नव्हते. आम्लाच्या सान्निध्यात उसाच्या साखरेच्या होणाऱ्या विघटनाचा विचार करताना १८८९ मध्ये अऱ्हेनियस यांनी असे सुचवले की, पुरेशी ऊर्जा असलेले मोजकेच रेणू अभिक्रियेत भाग घेतात. या किमान ऊर्जेला सक्रियण ऊर्जा म्हणतात. दर व तापमान यांचा संबंध सांगणारे समीकरण आज त्यांच्या नावाने ओळखले जाते.

उत्तरायुष्य

१८९५ मध्ये ते स्टॉकहोम येथे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. वातावरणातील कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यास पृथ्वीचे तापमान ५ ते ६ अंश सेल्सिअसने वाढेल, असे गणित त्यांनी १८९६ मध्ये मांडले. १९०५ पासून १९२७ पर्यंत ते नोबेल भौतिकी रसायनशास्त्र संस्थेचे संचालक होते. त्यांचे निधन स्टॉकहोम येथे झाले. त्यांचे दफन उप्साला येथे करण्यात आले.